पाणी घातलं की गडद होणारी रेघ

बाईंना साधा प्रश्न विचारायची सोय नव्हती. "आज उकडतंय ना?" असं सहज म्हटलं तरी त्या हातातलं काम थांबवायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "कशाच्या मानाने?" कालच्या मानाने, मे महिन्याच्या मानाने की शेजारच्या खोलीच्या मानाने, हे ठरल्याशिवाय त्यांना उकडायचं नाही. आमच्याकडे राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या बायकोने विचारलं, "आमटी खारट झाली का हो?" बाईंनी चूळ भरली, पुन्हा एक घोट चाखला, आणि तोच प्रश्न. बायको आत येऊन मला म्हणाली, "अहो, ही बाई जेवते का परीक्षा घेते?"

मला मात्र त्यांचं बोलणं विचित्र वाटलं नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीबाहेर एका वजनकाट्यावर मी नोकरी करतो. भरलेला ट्रक किती किलोचा हे नुसतं सांगून कुणाला काही कळत नाही; रिकामा किती होता ते आधी लागतं. त्यामुळे बाईंची आणि माझी भाषा एक आहे असं मी धरून चाललो. ते किती खरं होतं, हे आज इतक्या दिवसांनी लिहायला बसलो तरी मला नीट सांगता येत नाही.

बाई मुंबईतल्या एका संस्थेत संशोधन करायच्या. पन्नाशी उलटलेल्या, एकट्या, पायात कायम कॅनव्हासचे बूट. रक्तावरून आजार ओळखणारी कागदाची पट्टी त्यांनी बनवली होती आणि ती गावोगावच्या माणसांवर तपासून बघायची होती. आधी आटगावला स्टेशनजवळ खोली घेतली होती, पण तिथे गाडी गेली की त्यांचा बारीक तराजू थरथरायचा. शिक्षक, तलाठी, नर्सबाई, ज्याला त्याला त्या विचारत सुटल्या, "जिथली जमीन हलत नाही असं गाव कुठलं?" लोक काळजीने बघायचे. कुणीतरी टोकावड्याकडचा रस्ता दाखवला, आणि रस्त्यापासून बऱ्याच आत असलेल्या आमच्या घराची मागची पडवी त्यांनी बघितली. बघितली म्हणजे काय, वाटीत पाणी घेऊन ती जमिनीवर ठेवली आणि पाण्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "राहते." भाडं किती, संडास कुठे, काही विचारलं नाही.

पट्टी बोटाएवढी. तिच्या एका टोकाला सोनं लावलेलं असतं, असं त्यांनी सांगितल्यावर बायकोने हात पुसून ती जवळून बघितली. सोनं कुठे दिसेना. तेव्हा बाईंनी बाटली काढली. आत लालभडक पाणी.

"हे सोनं," बाई म्हणाल्या.

"सोनं म्हणता नि कोकम सरबत दाखवता," बायको म्हणाली.

बाईंना विनोद कळत नसे, किंवा कळायला वेळ लागत असे. त्यांनी समजावलं की सोन्याचे कण डोळ्याला काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाहीत इतके बारीक केले की ते पिवळे राहत नाहीत, लाल दिसतात. "आणि एकमेकांना चिकटून गर्दी केली, की निळे." बायको मला म्हणाली, "माझ्या गळ्यातली पोत निळी पडायला लागली तर सांगा हां."

पण निळं होतं हे खरं. एकदा चुकून आमच्या बोअरच्या पाण्याने धुतलेल्या बाटलीत त्यांनी ते लाल सोनं ओतलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याची जांभळी शाई झाली. कितीतरी दिवसांची मेहनत होती ती. मला वाटलं आता बाई रडतील. त्या आनंदाने ओरडल्या, "वहिनी, तुमची डाळ शिजत नाही ना?"

"तुमाला कोणी सांगितलं?" बायको दारात आली.

"तुमच्या पाण्यात क्षार किती आहेत बघा! सोन्याने सांगितलं."

सासूने आयुष्यभर जिच्या हाताला नावं ठेवली तिची बाजू अखेर सोन्याने घेतली. त्या दिवसापासून बायको बाईंची झाली. डाळीला विहिरीचं पाणी आणायचं काम माझ्याकडे आलं.

पट्टी चालते कशी, ते मी त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं. समजलं तेवढं लिहितो. अंगात कुठे जंतूंशी मारामारी सुरू झाली, की यकृत एक प्रथिन रक्तात सोडतं. मारामारी मोठी तसं प्रथिन जास्त. बोटाला टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, वर त्यांचं एक द्रावण. ओल वर चढत जाते, सोन्याचे कण सोबत नेते. त्या कणांना ते प्रथिन पकडता येतं. वाटेत एक रेघ आहे, तिलाही तेच प्रथिन पकडता येतं. म्हणजे प्रथिनाचा एक हात कणाच्या हातात, दुसरा रेघेच्या. असे पुष्कळ कण रेघेवर अडकले की ती लाल दिसते. तिच्या वर आणखी एक रेघ असते, ती आजार असो नसो, उमटलीच पाहिजे. "वरची साक्षीदार," बाई म्हणायच्या. "साक्षीदार आला नाही तर खालचीशी बोलायचं नाही."

उपकेंद्राच्या नर्सबाईंबरोबर त्या वाड्यावस्त्यांवर जायच्या. नर्सबाई दंडातलं रक्त नळीत भरून शहरातल्या प्रयोगशाळेला पाठवायच्या, बाई बोटाचा थेंब पट्टीवर घ्यायच्या. दोन्हींची उत्तरं मग ताडून बघायची. पट्टीच अजून परीक्षेला बसलेली, म्हणून तिचा निकाल कुणाला सांगायचा नाही, असा त्यांच्या संस्थेचा नियम. लोकांना हे पटत नसे. "रगत आमचं नि गुपित तुमचं?" असं एका म्हातारीने तोंडावर विचारलं. शिवाय पट्टीवर दोन रेघा म्हणजे काय हे हल्ली घरोघरी माहीत आहे. एका आजोबांच्या पट्टीवर दोन उमटल्या तेव्हा मागे बसलेल्या बायांनी पदर तोंडात कोंबले. एकजण म्हणालीच, "बाबा, गोड बातमी! आता आंबट काय देऊ?"

बोटाला टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकायचा असतो, दुसरा घ्यायचा. पण रक्त वाया घालवलं की लोकांची तोंडं वाईट व्हायची. म्हणून बाईंनी एक वाक्य शोधून काढलं. "पहिला थेंब देवाचा, दुसरा माझा." हे वाक्य इतकं चाललं की त्यांच्या आधी ते वस्तीवर पोचायचं. देवाचा म्हटल्यावर मात्र तो कापसाला पुसून कचऱ्यात कसा टाकायचा? कुणी तो उंबऱ्याला लावायचा, कुणी तुळशीच्या मातीला. बाई बघायच्या, पण कुणाला अडवत नसत. पुसला गेला ना, मग झालं.

याच वाक्याने पुढे सगळा घोळ केला. की घोळ सोडवला. मला यातलं कुठलं लिहावं ते कळत नाही.

माझा धाकटा भाऊ आमच्याच आवारात वेगळा राहतो. आमची शेती तोच बघतो. त्या वर्षी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत त्याचा डावा पाय सुजला. चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या सडतात, त्याला आम्ही चिखल्या म्हणतो. त्या सगळ्यांनाच होतात. त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही, आणि त्याने तर नाहीच. अंगात ताप होता. उद्यावर त्याची सावड आली होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या माझं. आपल्या सावडीला आपणच नसलो तर लोक येतील कसे, ही त्याची काळजी.

त्या दिवशी आम्ही दुसऱ्याच्या शेतावर सावडीला होतो, आणि बाई नि नर्सबाई आवणीवाल्यांचं रक्त घ्यायला तिथे बांधावर आल्या होत्या. मीही सुट्टी घेऊन रोपांच्या मुठी टाकत होतो. भाऊ लंगडतोय हे बाईंनी पाहिलं.

"तुम्ही डॉक्टरांकडे जा," त्या म्हणाल्या.

"आवणी झाली का जातो."

"ताप आहे तुम्हाला."

"कशाच्या मानानं?" भाऊ म्हणाला, आणि शेतभर हशा झाला. भावजय पलीकडून ओरडली, "बाई, त्येला नादी लावू नका, आधीच शाना हाय!"

बाई हसल्या नाहीत. शेवटी भावानेच तोडगा काढला. "तुमची पट्टी लावा. पट्टी बोलली तर आत्ता जातो. नाय बोलली तर आवणीनंतर."

बाईंनी नर्सबाईंकडे पाहिलं. नियम मोडायची त्यांची ती पहिली वेळ असावी. "दाखवते. पण पट्टी काहीही म्हणो, पाय बघता तुम्ही जायलाच हवं," त्या म्हणाल्या. भावाने यातलं फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

त्यांनी टोचलं. "पहिला थेंब देवाचा." भाऊ वाकला आणि त्याने ते बोट शेतातल्या पाण्यात बुडवलं. त्याचा देव तिथेच होता. बाईंनी हात पुढे करेपर्यंत तो सरळ झाला आणि ओल्या बोटावरचा दुसरा थेंब त्याने पट्टीवर टेकवलाही. थोड्या वेळाने वरची रेघ आली, आणि खालची आली ती कुंकवासारखी.

"बोलली का?" भावाने विचारलं.

"बाद," बाई म्हणाल्या. "थेंबात शेत आलं. पुन्हा करावी लागेल, कोरड्या हाताने."

"बाद म्हंजी नाय ना?"

"बाद म्हणजे काहीच नाही."

"काय नाय तर काय नाय," म्हणून तो पुन्हा चिखलात उतरला. नर्सबाईंनी मात्र त्याला ओढून नेऊन दंडातलं रक्त नळीत घेतलंच.

संध्याकाळी ओटीवर पुन्हा पट्टी लावली. साबणाने हात धुतला, कोऱ्या फडक्याने पुसला, बोट वाळू दिलं. पहिला थेंब बाईंनी स्वतः कापसाने टिपला. यावेळी खालची रेघ इतकी फिकट की मी बॅटरी लावून बघितली तेव्हा दिसली. गुलाबी सावली म्हणा. बाई पट्टी उलटसुलट करून बघत होत्या. मी मात्र बोललो. म्हणालो, काट्यावर ट्रक उभा असताना ड्रायव्हर खाली उतरला नसेल तर ते वजन आम्ही धरत नाही. त्याला उतरवतो, पुन्हा करतो, आणि दुसरं वजन खरं मानतो. दुपारचं माप ड्रायव्हरसकट झालं होतं. आत्ताचं नीट झालं. यात माझं काय चुकलं ते मला अजूनही दिसत नाही. भाऊ खुशीत जेवायला बसला, पण अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला.

सकाळी पडवीत गेलो तर बाईंच्या समोर तांब्याभर गढूळ पाणी आणि चार-पाच पट्ट्या.

"कालच्या शेतातलं पाणी आणलं," त्या म्हणाल्या. "नुसतं पाणी लावून बघितलं. खालची रेघ येतच नाही. म्हणजे पाण्यात काही नाही."

"मग काल दुपारी कुंकू कुठून आलं?"

"तेच." त्यांनी चष्मा कपाळावर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. "पाण्याने थेंबात काही घातलं नाही. मग पाण्याने केलं काय?"

"पातळ केला."

"पातळ केल्यावर रेघ फिकी व्हायला हवी."

"हो. अर्ध्या गाडीचं अर्धं वजन."

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. मग विचारलं, "तुमच्या काट्याला झेपत नाही इतकं वजन आलं तर काय दिसतं?"

"आकडा जातो. सूचना येते."

"रिकाम्या गाडीचं वजन नाही ना दाखवत?"

"असं कसं दाखवेल?"

बाई उठल्या आणि पळत सुटल्या. पन्नाशीच्या बाईला आवारातल्या शेवाळावरून पळताना मी पहिल्यांदा बघितलं. अर्ध्या वाटेतून परत आल्या, पट्ट्यांचा डबा घेतला, पुन्हा पळाल्या. मी मागून छत्री घेऊन.

भाऊ चटईवर पडला होता, दोन गोधड्या घेऊन कुडकुडत. भावजय पायाला हळद-तेल लावत होती. लाली घोट्यावरून पार पोटरीत चढली होती. बाहेर सावडीची माणसं जमायला लागली होती.

"कालची फिकट रेघ खोटी होती," बाई दारातूनच म्हणाल्या. "चला, दवाखान्यात."

"आनि गडदवाली?" भाऊ म्हणाला.

"ती खरी."

"ती तर बाद केलीत तुमी! काल सांगता बाद, आज सांगता खरी. दादा, तुला कळतं का काय?"

मला काहीच कळत नव्हतं. मी तसं सांगितलं.

बाई जमिनीवर बसल्या. भावाच्या बोटाला टोचून एक थेंब तसाच पट्टीवर घेतला. दुसरा मिठाच्या पाण्यात मिसळला आणि त्यातला थोडा दुसऱ्या पट्टीवर. मग ते आणखी पातळ केलं आणि तिसऱ्या. आम्ही सगळे वाकून बघत होतो, सावडीतले दोघे दारात. पहिलीवर गुलाबी सावली. दुसरीवर लाल. तिसरीवर कुंकू.

"आईच्यान!" दारातला एकजण म्हणाला. "पानी घातलं का रंग वाढतो? दुधाला असं झालं असतं तर आमचा गवळी राजा झाला असता."

"बाई, ही जादू कसली?" भावजयीने विचारलं.

तेव्हा बाईंनी सांगितलं ते असं. हिवाळ्यात मी त्यांना म्हसा गावच्या जत्रेला नेलं होतं. बैलबाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, ते बघत त्या दिवसभर उभ्या होत्या. "प्रथिन म्हणजे दलाल," त्या म्हणाल्या. "त्याच्या एका हाताला सोन्याचा कण, दुसऱ्या हाताला रेघ, म्हणून सौदा होतो. पण दलालच इतके आले, की प्रत्येक विकणाऱ्याच्या हातात वेगळा, प्रत्येक घेणाऱ्याच्या हातात वेगळा, तर सौदा होईल का? सगळ्यांचे हात भरलेले, आणि बाजार थंड. लांबून बघणाऱ्याला वाटेल, आज दलाल फिरकलेच नाहीत."

"म्हंजी माज्या अंगात लय दलाल झालेत?" भाऊ म्हणाला.

"माझ्या पट्टीला मोजता येणार नाहीत इतके."

"मग पट्टी बोलली का नाय, एकच काय ते सांगा."

मला वाटतं हो म्हणणं त्यांना अवघड होतं, कारण त्यांच्या हिशेबाने पट्टी चुकली होती. आणि नाही म्हटलं असतं तर तो हलला नसता. शेवटी म्हणाल्या, "पट्टी चुकली. मी बोलतेय. उठा."

"ठरलं होतं पट्टी बोलली तर..."

"ओ दलालांचे मालक," भावजय कडाडली, "रेघा मोजत बसलात तर तिकडं पाय जाईल. आवणी मी उरकते. उटा आता, नायतर चटईसकट उचलून नेते." आणि दारातल्यांना म्हणाली, "काय बघता रे? टेम्पो सांगा कुनाचा तरी!"

भाऊ उठायला गेला, तर उठवेना. मग त्याने भावजयीच्या खांद्यावर हात टाकला. टेम्पोत मागे बाई बसल्या, पट्ट्यांच्या डब्यावर त्याचा पाय उंच धरून. डब्यात त्यांचं वर्षाचं काम होतं आणि वरून हळद-तेल गळत होतं.

मुरबाडला डॉक्टरांनी पाय बघताच सलाईन लावली आणि पुढे कल्याणला पाठवलं. बाई त्यांना दलाल, रेघ, पाणी सगळं सांगायला लागल्या. डॉक्टर घाईत होते. म्हणाले, "मॅडम, पट्टी कशाला हवी? पाय बघितला असतात तरी कळलं असतं." हेही खरं होतं. पाय तर आम्ही सगळेच दोन दिवस बघत होतो.

कल्याणला भावाची करंगळी काढावी लागली. पाय वाचला, माणूस वाचला. रक्तात विष पसरायला लागलं होतं, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं तिथे म्हणाले. आमचं शेत सावडीवाल्यांनी लावलं, भावजयीने पुढे उभं राहून. तो नसताना लोक कसे येतील, याचं उत्तर त्याला खाटेवर मिळालं.

पुढे शहरातून नळीतल्या रक्ताचा आकडा आला. तो मी वाचला होता, पण आता पक्का आठवत नाही म्हणून लिहीत नाही. पट्टी जिथपर्यंत मोजू शकते त्याच्या कितीतरी पलीकडचा होता, एवढं नक्की. बाईंनी संस्थेला कळवलं की पट्टी नापास आहे, काम थांबवावं.

मला हे सहन झालं नाही. मी पडवीत जाऊन भांडलो. म्हणालो, "तुमच्या पट्टीने माझा भाऊ वाचला, आणि तुम्ही तिला नापास करता?"

"तुमच्या भावाला चिखलाने वाचवलं. चिखल माझ्या पट्टीचा भाग नाही."

"पण गडद रेघ खरी बोलली ना?"

"चुकून. नीट वापरली तेव्हा खोटं बोलली." त्या पट्ट्या कापायची कात्री पुसत होत्या. "थोड्या आजारी माणसाला ती आजारी म्हणते. सगळ्यात आजारी माणसाला म्हणते, बरा आहेस, घरी जा. तुमच्या काट्याने असं केलं तर ठेवाल?"

मी म्हटलं, नाही ठेवणार.

"मग?"

तरी मला पटलं नाही. हिशेब त्यांचा बरोबर होता, आणि माझा भाऊ पलीकडे खाटेवर जिवंत होता. या दोन गोष्टी एका ओळीत कशा मांडायच्या ते मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी म्हटलं, दोनदा लावायची, एकदा तशी आणि एकदा पाणी घालून. त्या म्हणाल्या, तेच करायचं आहे, पण ते नव्याने, पहिल्यापासून, आणि इथे नाही. किती वर्षं लागतील विचारलं, तर म्हणाल्या, माहीत नाही. उलटा प्रश्नही केला नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्या भावाकडे निरोप घ्यायला आल्या. मीही होतो. भाऊ ओटीवर बसला होता, पायाला बँडेज, हातात काठी, आणि तोंड पूर्वीसारखंच सुरू.

"बाई, जाता जाता माजं एकदा बघा की. आता किती दलाल उरलेत?"

डब्याच्या तळाला पट्ट्या उरल्या होत्या. बाईंनी टोचलं, कापसाने टिपलं, दुसरा थेंब घेतला. वरची रेघ आली. खालची आली ती अगदी फिकट. मग त्यांनी पिशवीतून आणखी एक पट्टी काढली आणि शेजारी ठेवली. भाऊ मरणाच्या दारात होता त्या संध्याकाळची, कोरड्या हाताची. तिच्यावरही तशीच फिकट रेघ.

बाईंनी दोन्ही हातात घेऊन पाठीमागे नेल्या, फिरवल्या, आणि पुन्हा माझ्यासमोर मांडल्या. "यातली आजची कुठली?"

माझी नजर आकड्यांना सरावलेली आहे. मी चष्मा लावून बघितलं, उजेडात धरून बघितलं, तिरकी करून बघितलं. एक माणूस जात होता तेव्हाची रेघ, आणि तोच बरा होऊन समोर बसलाय तेव्हाची. मला सांगता येईना.

"नाही ओळखता येत," मी म्हटलं.

"मलाही," बाई म्हणाल्या.

भावजय चहा घेऊन आली. पट्ट्यांकडे तिने ढुंकूनही बघितलं नाही. बाई उठून भावाशेजारी बसल्या. इतके महिने त्यांनी गावातल्या माणसांना फक्त बोटाच्या टोकाला धरलं होतं. आता त्यांनी त्याचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली आणि तशाच बसून राहिल्या. घड्याळ बघत नव्हत्या. मोजतही नसाव्यात.

"आता आनि काय बघता, बाई?" भावाने विचारलं.

"काही नाही."

"सोडा त्येला," भावजय म्हणाली. "चा निवतो."

बाईंनी सोडलं नाही. भावाने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग त्याने डाव्या हाताने बशी उचलली.